वॉटी लॉरिमरची पाठ

पोर्ट गॅरोमध्ये कुणालाही इनिस लॉरिमरच्या पहिल्या गोलबद्दल विचारा, तो गोलबद्दल काही सांगणार नाही. त्या वेळी त्याचा बाप कुठे होता, हे सांगेल. बाप पाईच्या रांगेत उभा होता. पोरगा पहिल्यांदाच गावच्या फुटबॉल संघाकडून खेळायला उतरलेला, सामना संपत आलेला, काही घडत नव्हतं, म्हणून वॉटी मटणाची पाई आणायला गेला. पाई विकणाऱ्या नेटा स्वँकीने त्याच्या हातात गरम पाई ठेवली आणि त्याच क्षणी मैदानावर आरडाओरडा झाला. वॉटी धावत आला तेव्हा इनिस सगळ्यांच्या खाली गाडला गेला होता आणि बापाच्या अंगठ्यावरून रस्सा ओघळत होता.

तेव्हापासून वॉटीने सामना चालू असताना पाई खाल्ली नाही. खायची सोडा, पाईकडे बघतही नसे. बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास बसू नये. पण पोर्ट गॅरो रोव्हर्सच्या मैदानावर आला की वॉटीचं डोकं वेगळं चालायचं.

त्यात आणखी एक भानगड होती. पेनल्टीची. इनिस शाळेत असताना वॉटीने त्याची एक पेनल्टी डोळे भरून पाहिली होती आणि तो चेंडू गोलवरून, भिंतीवरून, थेट बंदराच्या पाण्यात गेला होता. दोष पोराचा नव्हता, बघणाऱ्याचा होता, असं वॉटीचं ठाम मत झालं. मग इनिसने पेनल्टीसाठी चेंडू ठेवला रे ठेवला की वॉटी मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. लोक ओरडले तर गोल, लोक हळहळले तर नाही. एवढी माहिती त्याला पुरायची.

आता गंमत अशी, की इनिसच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल पेनल्टीचाच निघाला. चषकाच्या स्पर्धेत ग्लासगोचा एक बलाढ्य संघ पोर्ट गॅरोला आला, चिखलात रुतला आणि इनिसच्या पेनल्टीवर हरून घरी गेला. अख्ख्या देशाने तो गोल टीव्हीवर पाहिला. वॉटीने त्या वेळी रंगाच्या एका दुकानाची जाहिरात पाहिली. ती भिंतीवर कोणत्या कोपऱ्यात फाटली होती, हे तो अजून सांगू शकतो.

मधली कारकीर्द तशी बरी गेली, पण वर्तमानपत्रांनी वेडं व्हावं अशी नाही. सोळाव्या वर्षी ग्लासगोने त्याला नेलं, तीन हिवाळे बाकावर बसवलं आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं. मग तो हायलँड्सच्या एका संघाकडून बर्फात खेळला. फाइफमधल्या एका संघाकडून खेळताना त्याची गळ्याखालची हाडं मोडली, आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. एक हंगाम इंग्लंडमध्ये काढला. तिथले लोक चांगले होते, पण सकाळी गावच्यासारखा पावाचा रोल मिळत नाही म्हणून हा झुरायला लागला आणि मे महिन्यात सामान घेऊन घरी आला. मग सकाळी टपाल वाटायचं, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. बरीच वर्षं हेच. गुडघ्याने, खांद्याने, एकदा तर बसल्या जागेने त्याने गोल केले. तो कधी फार पळताना दिसला नाही. "इनिस धावत नाही, इनिस पोचतो," असं नेटा म्हणायची, आणि गावात त्याचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलं नाही.

आता तो सदतीस वर्षांचा होता आणि एप्रिलच्या त्या शनिवारी त्याचा शेवटचा सामना होता. समोर शेजारचं गाव, किलब्रे. गुणतक्त्यात दोघांचं काही वर जाणार नव्हतं की खाली येणार नव्हतं. पण किलब्रे म्हटल्यावर तक्ता कोण बघतो.

सकाळी इनिस बापाला न्यायला आला तेव्हा वॉटी हिरवी टोपी घालून, काठी धरून, तयार होऊन दारातच बसला होता. नववर्षानंतर त्याचा खुबा बदलला होता. तेव्हापासून तो मैदानावर फिरकला नव्हता आणि तेव्हापासूनच इनिसला एकही गोल जमला नव्हता.

"पाय कसा आहे?" इनिसने विचारलं.

"उत्तम. तुझ्यापेक्षा माझ्यात नवे सुटे भाग जास्त आहेत."

"तू घरी बसलास आणि माझे गोल आटले, बाबा."

"माझ्यावर ढकलू नकोस. तो फॉकर्कविरुद्धचा सामना मी रेडिओवर ऐकला. गोल समोर उघडा होता म्हणे."

"चेंडू उसळला."

"चेंडू नेहमीच उसळतो. गोल असतो तो."

इनिसने बापाला आणि त्याच्या काठीला गाडीत बसवलं. इनिसला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्याने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. बापाने त्याचा पहिला गोल पाहिला नव्हता, मोठा गोल पाहिला नव्हता. निदान शेवटचा तरी पाहावा. म्हातारा ऐंशीला टेकला होता. आज गोल झाला नाही, तर मागचा जो कुठला डिसेंबरातला होता तोच शेवटचा ठरणार होता, आणि त्या दिवशी धुकं इतकं होतं की तो कुणीच पाहिला नव्हता.

पोर्ट गॅरोचे लोक सामना एका जागी उभं राहून बघत नाहीत. आपला संघ ज्या गोलवर चाल करणार, त्या गोलमागे जाऊन उभे राहतात. मध्यंतर झालं की सगळे चहाचे पेले सांभाळत मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात, आणि पाहुण्यांचे लोक उलट्या बाजूने या टोकाला येतात. वाटेत टोमणे मारायचे असतात, ते मारून होतात. रोव्हर्सचा संघ उत्तरार्धात कायम दर्याच्या बाजूला चाल करतो, ही तर गावची जुनी पद्धत. महत्त्वाचे गोल तिथेच व्हायचे. वॉटीच्या नव्या खुब्याला वळसा झेपणार नव्हता, म्हणून इनिसने त्याला आधीच दर्याच्या गोलमागे कठड्याशी घडीच्या खुर्चीवर बसवलं. पूर्वार्धात दूरचं दिसेल तेवढं दिसेल. उत्तरार्धात पोरगा थेट त्याच्यासमोर.

बेत चोख होता. तो बिघडवला टॅम हॅगर्टने.

टॅम हा संघाचा कप्तान, इनिसचा शाळेपासूनचा दोस्त, आणि एरवी गावातल्या घरांमधली वीज दुरुस्त करणारा. नाणेफेक जिंकणं त्याला माहीतच नव्हतं. सगळा हंगाम तो हरला होता आणि पाहुणे कप्तान सवयीने रोव्हर्सला हवी ती बाजू देऊन टाकत. आज नेमका जिंकला. जिंकल्यावर त्याचा ऊर भरून आला.

"सुरुवात आम्ही करणार," तो रेफरीला म्हणाला. "पहिला चेंडू इनिस मारेल. त्याचा शेवटचा सामना आहे."

सुरुवात मागितली की बाजू निवडायचा हक्क समोरच्याला जातो. किलब्रेचा कप्तान गालातल्या गालात हसला आणि दर्याच्या गोलकडे बोट दाखवून म्हणाला, "मग आम्ही आधी तो सांभाळतो."

इनिसने टॅमकडे पाहिलं. टॅमने इनिसकडे पाहिलं, मग दर्याकडे, मग हिरव्या टोपीकडे, आणि तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात प्रकाश पडला.

"मला वाटलं तुला बरं वाटेल," तो म्हणाला.

"फार बरं वाटलं, टॅम. वीज अशीच दुरुस्त करतोस का?"

म्हणजे आता जे काही करायचं ते पूर्वार्धात. इनिसने जिवाचं रान केलं. तो चक्क धावला, आणि ते पाहून बाकीच्यांची थोडी धांदल उडाली. वारा समुद्रावरून थेट तोंडावर येत होता. पुढे मारलेला प्रत्येक चेंडू हवेत थबकून विचार करायचा आणि परत यायचा. एकदा मात्र डावीकडून सुंदर चेंडू आला, इनिस नेहमीसारखा पोचला आणि त्याने डोक्याने मारला. आडव्या दांडीला लागून तो बाहेर गेला आणि वॉटीच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर कठड्यावर आपटला.

"थोडा खाली," वॉटीने माहिती पुरवली.

मध्यंतराची शिटी झाली तेव्हा गोलफलक कोराच होता. पोर्ट गॅरोची माणसं दुसऱ्या, गॅसच्या टाकीकडच्या टोकाला निघाली. नेटाने पाईची खिडकी बंद केली आणि वाळू वाहायची एकचाकी ढकलगाडी घेऊन ती वॉटीपुढे उभी राहिली. साठी ओलांडलेली बाई, पण पिठाची पोती एकटीने उचलायची.

"बस."

"मी काय वाळू आहे?"

"वाळू बरी. बोलत नाही. बस मुकाट्याने, वॉटी. पोराचा शेवटचा अर्धा सामना आहे."

"मला इथून दिसतं."

"तुला समोरचा माणूस दिसत नाही, मेल्या."

"साऱ्या गावासमोर गाडीत बसून मी मैदानाची फेरी मारणार नाही," वॉटी म्हणाला आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. नेटाने हात टेकले. इनिस ड्रेसिंगरूमच्या दारातून हे सगळं बघत होता. त्याला बापाचा राग आला आणि त्याची टोपी बघून लगेच वाईटही वाटलं.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा दर्याच्या टोकाला किलब्रेचे लोक जमले होते आणि त्यांच्या मधोमध, निळ्या गळपट्ट्यांमध्ये, एक हिरवी टोपी होती. वॉटी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. गोल अडवणाऱ्या त्यांच्या गोलीचे पाय, त्यांच्या कप्तानाचं वजन, त्यांच्या गावातल्या माशांचा वास, असं एकेक त्याने घ्यायला सुरुवात केली. चेंडू लांब असला की त्याचा आवाज इनिसलाही ऐकू यायचा. किलब्रेच्या लोकांनी आधी उत्तरं दिली, मग विनवण्या केल्या.

वारा आता पाठीशी होता, पण गोल काही होईना. इनिसचे पाय जड झाले. बाकावरून मॅनेजर डॉड पेट्री घड्याळाकडे बघायला लागला, म्हणजे आता तो आपल्याला बाहेर काढणार हे इनिसला कळलं. आणि तेवढ्यात टॅम चेंडू घेऊन गोलसमोरच्या चौकटीत घुसला, किलब्रेच्या गोलीने चेंडू सोडून त्याचे पाय धरले आणि रेफरीने सरळ ठिपक्याकडे बोट केलं. पेनल्टी.

इनिसने चेंडू काखोटीला मारला. मग मागे वळून पाहिलं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, हिरवा ठिपका. वॉटीची नजर आता तितकी राहिली नव्हती. त्याला इथून पोरगा कुठला आणि गोली कुठला हेसुद्धा कळलं नसतं.

इनिस खाली बसला आणि त्याने बुटाची नाडी सोडली.

कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या नेटाला एवढं पुरे होतं. तिने ढकलगाडी फिरवली आणि कडेच्या वाटेने जी धाव घेतली, ती पाहून डॉड पेट्रीने तोंडातलं च्युइंगम गिळलं.

"लॉरिमर, लवकर कर," रेफरी म्हणाला. तो एरवी शाळेत भूगोल शिकवायचा आणि आवाजही तसाच होता.

"नाडी तुटली, सर."

नाडी बांधून झाली. मग चेंडू ओला वाटला. टॅमने सदऱ्याने तो पुसला, सावकाश, बाळाला पुसावं तसा. मग दुसऱ्या बुटाची नाडी. तिकडे नेटा दर्याच्या टोकाला पोचली आणि वॉटीने मान हलवली. पण आता निर्णय त्याच्या हातात राहिला नव्हता. किलब्रेच्या चार दणकट माणसांनी त्याला खुर्चीसकट उचललं.

"घेऊन जा बाई याला," त्यातला एक म्हणाला. "अर्धा तास डोकं खाल्लंय. पेनल्टी मिळाली तर मिळाली."

वॉटी गाडीत बसून, काठी छातीशी धरून, साऱ्या गावासमोर मैदानाची फेरी मारत निघाला. आधी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. रेफरीने इनिसला वेळकाढूपणासाठी पिवळं कार्ड दाखवलं. संघाला गोल हवा असताना पेनल्टी लांबवल्याबद्दल कार्ड मिळालेला तो बहुधा पहिलाच माणूस असावा. इनिसने कार्डाबद्दल आभार मानले आणि आणखी थोडा वेळ जावा म्हणून माफीही मागितली.

गाडी गॅसच्या टाकीकडच्या टोकाला पोचली. लोकांनी वाट करून दिली. वॉटी उतरला, कठड्यापाशी आला, अगदी गोलच्या मागे, टोपी सारखी केली. पोराकडे पाहिलं, ठिपक्यावरच्या चेंडूकडे पाहिलं.

आणि पाठ फिरवून उभा राहिला.

इनिसने कपाळावर हात मारला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि ती नेटाला आठवली नाही, टॅमला आठवली नाही, त्याला स्वतःला आठवली नाही. म्हाताऱ्याला मैदानभर मिरवत आणलं ते गॅसची टाकी दाखवायला. त्या पाठीवरचा करड्या कोटाचा उसवलेला टाका त्याला इथून स्पष्ट दिसत होता. त्याला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"टॅम," तो ओठ न हलवता म्हणाला. "गुरुवारचं करायचं."

गुरुवारी सराव संपल्यावर हे दोघं एक खेळ खेळायचे. पेनल्टी गोलमध्ये न मारता पुढे नुसती सरकवायची, दुसऱ्याने मागून धावत येऊन ती गाठायची. नियमात बसतं. पण दहात नऊ वेळा फसायचं आणि डॉड पेट्री शिव्या घालायचा.

"डोकं फिरलंय तुझं? डॉड मला जिवंत ठेवणार नाही."

"माझा बाप पेनल्टी बघत नाही. दुसरा कुठलाही गोल बघतो."

टॅमने कठड्याकडे पाहिलं. मग चौकटीबाहेर जाऊन उभा राहिला. मघाच्या नाणेफेकीचं त्याच्या मनावर होतंच.

शिटी वाजली. इनिस आला, पाय उचलला, गोली डावीकडे झेपावला आणि इनिसने चेंडू हळूच, उजवीकडे पुढे, चार पावलांवर सरकवून दिला.

कुणी ओरडलं नाही. कुणी हळहळलंही नाही. शेकडो माणसांच्या तोंडून एकच लांबलचक "अरे?" निघालं. पेनल्टीनंतर असा आवाज वॉटीने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्याचा अर्थ त्याला लागेना.

टॅम धावत चेंडूवर पोचला. गोली उठून, हातपाय पसरून त्याच्या अंगावर आला. टॅमने चेंडू मागे, इनिसकडे दिला. समोर गोल उघडा होता. इनिसने खाली बघण्याआधी वर बघितलं.

म्हातारा वळला होता. कठडा धरून, तोंड उघडं, टोपी तिरकी. सरळ त्याच्याकडेच बघत होता.

मग इनिसने चेंडू मारला. जोरात नाही. बापाला शेवटपर्यंत बघता यावा इतपत.

त्यानंतरचा आवाज बंदरापर्यंत गेला. पोरं इनिसवर चढायला आली, पण तो त्यांच्या हातून सुटून सरळ कठड्याकडे गेला. वॉटीचे डोळे वाहत होते आणि ते त्याला कळलेलंही दिसत नव्हतं.

"पाहिलास?"

"पाहिला," वॉटी म्हणाला. त्याने पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं, असं त्याने इनिस पाच वर्षांचा झाल्यापासून केलं नव्हतं. "सगळा पाहिला. ही काय पेनल्टी मारायची रीत झाली, गाढवा?"

डॉड पेट्रीने इनिसला तिथल्या तिथे बाहेर काढलं. शाबासकी म्हणून की शिक्षा म्हणून, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, किलब्रेचे लोकसुद्धा, कारण म्हाताऱ्याला त्यांनीच तर उचलून दिलं होतं. इनिस बाकावर गेला नाही. अंगात जाकीट चढवून तो कठड्यावरून पलीकडे उतरला आणि बापाशेजारी उभा राहिला. या बाजूने त्याने रोव्हर्सचा सामना लहानपणानंतर पाहिला नव्हता. इथून मैदान बरंच मोठं दिसत होतं.

वॉटीने बाहीने डोळे पुसले.

"आता सोमवारी काय?" वॉटीने विचारलं.

"सोमवारी टपाल."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी तुला घ्यायला येईन. इथेच उभं राहू."

वॉटीने हे ऐकून घेतलं. सामना अजून चालू होता. त्याने काठी कठड्याला टेकवली आणि मागे वळून, गावात गेल्या वीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं असं काहीतरी म्हणाला.

"नेटा, दोन पाई दे. आता माझं काही चुकायचं नाही."

नेटा क्षणभर बघतच राहिली. मग काही टोमणा न मारता गेली, बंद केलेली खिडकी उघडली आणि उरलेल्यांतल्या सगळ्यात गरम दोन घेऊन आली. बापलेक कठड्याला टेकून, माना खाली घालून, रस्सा कोटावर सांडणार नाही अशा बेताने खायला लागले.

तेवढ्यात सगळीकडून एकच गलका झाला.

"काय झालं?" वॉटीने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं. "गोल? कुणी मारला?"

"काय माहीत," इनिस अंगठा चाटत म्हणाला. "मी पाई खात होतो."